डेव्हलपरची स्वतःची वेबसाइट: पत्ता घेण्यापासून पहिले टिपण लिहिण्यापर्यंत

लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी हिशोबपट्टीचे सॉफ्टवेअर तयार करीत असताना मला थर्मल प्रिंटरवर, म्हणजे उष्णतेने बिल छापणाऱ्या छोट्या यंत्रावर, मराठी छापायचे होते. पडद्यावर नीट दिसणारे ‘सोयाबीन’ कागदावर मात्र प्रश्नचिन्हांची रांग होऊन उतरत असे. स्वस्त बिल-प्रिंटरांमध्ये देवनागरी अक्षरांचा संच सहसा नसतो आणि मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे जागच्या जागी बसवण्याची सोय तर त्याहून नसते. म्हणून मजकूर आधी चित्राच्या रूपात तयार करायचा आणि ते चित्र ठिपक्यांच्या ओळींनी प्रिंटरकडे पाठवायचे, हा त्यावरचा उपाय. तो मला सापडायला चार दिवस लागले. दोन वर्षांनी जालन्याच्या एका ग्राहकासाठी तेच काम पुन्हा निघाले, तेव्हा त्यातला एकही आकडा मला आठवत नव्हता आणि माझे आणखी तीन दिवस गेले. सोडवलेली अडचण यापुढे स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर, पुन्हा सापडेल अशा रीतीने लिहून ठेवायची, हे मी त्या आठवड्यात ठरवले.

त्यानंतर उभारलेल्या वेबसाइटच्या अनुभवावरून हा लेख लिहीत आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात बसून, साध्या लॅपटॉपवर आणि वर्षाला काही शे रुपयांत जे करता येते तेवढेच येथे सांगितले आहे.

आधी कारण ठरवावे

बहुतेक जण वेबसाइटची सुरुवात रंगसंगतीपासून करतात, त्यातच पंधरा दिवस घालवतात आणि लिहिण्याची वेळ आली की थांबतात. म्हणून कारण आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. माझ्या मते सर्वांत मोठे कारण आपली स्वतःची विस्मृती हे आहे. आज तोंडपाठ असलेली मांडणी सहा महिन्यांनी परकी वाटते, आणि तेव्हा आपल्यासाठी सर्वांत उपयोगी वाचन आपलेच जुने टिपण असते.

दुसरे कारण लिहायला बसल्यावरच लक्षात येते. प्रोग्राम चालू लागला म्हणजे तो आपल्याला समजला असे नसते. तो का चालतो हे चार वाक्यांत सांगायला गेलो की तिसऱ्या वाक्यापाशी अडखळायला होते, आणि जेथे अडखळलो तेथेच आपली समज कच्ची असते. मी प्रिंटरवरचे टिपण लिहायला घेतले तेव्हा असेच झाले. चित्राची रुंदी ५७६ ठिपके का ठेवायची, हे मला सांगता येईना; तो आकडा मी कुठून तरी उचलला होता. शोधल्यावर कळले की ८० मिलिमीटरच्या कागदावर प्रत्यक्ष छपाईची रुंदी ७२ मिलिमीटर असते आणि एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके बसतात. ७२ गुणिले ८ म्हणजे ५७६. पहिल्या प्रयत्नात माझी अक्षरे तिरपी का छापली जात होती, याचाही उलगडा त्याच वेळी झाला. मी रुंदी ५७० ठेवली होती. प्रिंटर रुंदी बाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये आठ ठिपके असतात. ५७० ला आठने पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्येक ओळीत सहा ठिपक्यांची तूट राहत होती आणि पुढची ओळ तेवढीच सरकत होती. पट्टी छापून दुकानदाराच्या हाती गेली त्या दिवशी यातले काहीच मला माहीत नव्हते.

तिसरे कारण नोकरी आणि कामाचे आहे, आणि आपल्या भागात ते विशेष महत्त्वाचे आहे. बीड किंवा हिंगोलीत शिकलेल्या मुलाला पुण्यात किंवा हैदराबादेत ओळखीचे कोणी नसते, आणि बायोडेटातील ‘जावा, पायथन, डेटाबेस’ ही यादी सगळ्यांचीच सारखी असते. मुलाखत घेणाऱ्याने पत्ता उघडला आणि त्याला एका खऱ्या अडचणीचा शेवटपर्यंत घेतलेला माग वाचायला मिळाला, तर बोलणे तेथून सुरू होते. दर आठवड्याला लिहिण्याची गरज नाही. अशी पाच-सहा टिपणे पुरेशी आहेत.

मग हे लेखन एखाद्या मोठ्या समाजमाध्यमावर का करू नये? करायला हरकत नाही, पण मूळ प्रत तेथे ठेवू नये. लोकांची पाने ठेवणारी जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली आणि ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये. तेथे लोकांनी वर्षानुवर्षे लिहिले होते. माझी स्वतःची सुरुवातीची चौदा टिपणे एका सेवेवर होती. ती सेवा बंद होणार असल्याची सूचना मी न वापरत असलेल्या ईमेलवर आली आणि मला कळेपर्यंत मुदत उलटून गेली होती. त्यांपैकी तीन, वेबवरील जुनी पाने जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडली, बाकीची गेली. मूळ प्रत आपल्या संगणकावर आणि पत्ता आपल्या नावावर असला, तर सेवा बंद पडल्यावर केवळ ठिकाण बदलावे लागते.

पत्ता घेणे

पहिले प्रत्यक्ष काम म्हणजे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, घेणे. नाव आणि आडनाव मिळून साधा पत्ता मिळत असेल तर तोच घ्यावा. कंपनीचे, भाषेचे किंवा एखाद्या तंत्रज्ञानाचे नाव त्यात घालू नये, कारण पाच वर्षांनी आपण दुसरेच काही करीत असतो. ‘डॉट इन’ हा पत्त्याच्या शेवटी येणारा भारताचा अधिकृत विभाग असून त्याची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, पाहते. बहुतेक विक्रेते पहिल्या वर्षाची किंमत फार कमी दाखवतात; आपण पाहावी ती नूतनीकरणाची किंमत. डोमेन स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवावे. मित्राच्या किंवा गावातल्या संगणक केंद्राच्या खात्यातून घेतलेले डोमेन पुढे परत मिळवताना संबंध बिघडतात.

‘डॉट भारत’ हा देवनागरी विभाग २०१४ पासून उपलब्ध आहे आणि त्यात मराठीतून पत्ता मिळतो. मला तो मनापासून आवडतो. तरीही मुख्य पत्ता म्हणून तो घेऊ नये असे मी सुचवेन, कारण अनेक फॉर्म आणि काही ईमेल सेवा असा पत्ता अजूनही स्वीकारत नाहीत. तो दुसरा पत्ता म्हणून घ्यावा आणि मुख्य पत्त्याकडे वळवावा.

पाने तयार करणे आणि चढवणे

डेव्हलपरच्या टिपणांसाठी डेटाबेस लागत नाही. साध्या मजकुराच्या फाइलींवरून तयार पाने बनवून देणारी साधने, ज्यांना स्टॅटिक साइट जनरेटर म्हणतात, त्यासाठी पुरेशी आहेत. जेकिल हे २००८ पासूनचे साधन आहे, ह्यूगो त्यानंतरचे आणि अतिशय वेगवान. यांपैकी कोणते चांगले, या वादात पडू नये. मी ह्यूगो वापरतो, कारण ती एकच फाइल उतरवून घेतली की काम सुरू होते. आपल्याकडे याचा एक वेगळाच फायदा आहे. लिहिणे, पाने तयार करणे आणि ती ब्राउझरमध्ये तपासणे हे सगळे इंटरनेटशिवाय होते, त्यामुळे उन्हाळ्यात वीज गेली आणि राउटर बंद पडला तरी लॅपटॉपची बॅटरी टिकेपर्यंत काम चालू राहते. नेट केवळ शेवटी, पाने चढवताना लागते.

पूर्ण नवशिक्यांनी मात्र जनरेटरच्या आधी हाताने लिहिलेले एक एचटीएमएल पान (वेबपाने ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती एचटीएमएल) चढवून पाहावे. नाव, आपण काय काम करतो याच्या दोन ओळी आणि ईमेल, एवढेच त्या पानावर असावे. पत्ता, होस्टिंग (म्हणजे पाने ठेवण्याची जागा) आणि पान ही साखळी एकदा जुळलेली पाहिली की पुढे काही बिघडले तरी ते कोणत्या दुव्यात बिघडले हे कळते.

पाने ठेवण्यासाठी गिटहब पेजेस ही सोय विनामूल्य आहे. गिट हे फाइलींतील बदलांचा इतिहास सांभाळणारे साधन, आणि गिटहब ही अशा फाइली ठेवण्याची सेवा. खाते उघडावे, ‘वापरकर्तानाव डॉट गिटहब डॉट आयओ’ याच नावाची सार्वजनिक रिपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा साठा, तयार करावी आणि पाने तीत ढकलावीत (‘पुश’ करावीत). साइटचा आकार एक जीबीपर्यंत चालतो, जो मजकुराच्या वेबसाइटला आयुष्यभर पुरतो. त्यानंतर रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये आपले डोमेन लिहावे आणि डोमेन विक्रेत्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या सर्व्हरकडे जातो हे जेथे नोंदवतात तेथे, नोंदी भराव्यात. मूळ डोमेनसाठी ‘ए’ प्रकारच्या चार नोंदी लागतात: १८५.१९९.१०८.१५३ ही पहिली, आणि उरलेल्या तिन्हींत १०८ च्या जागी अनुक्रमे १०९, ११० आणि १११ येतात. हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत भरावेत. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी ‘सीनेम’ प्रकारची एक नोंद करून ती आपल्या गिटहब डॉट आयओ पत्त्याकडे वळवावी. विक्रेत्याने आपल्या जाहिरातीच्या पानासाठी आधीच टाकलेली ‘ए’ नोंद काढून टाकायला विसरू नये; साइट कधी दिसते, कधी दिसत नाही, असे होत असेल तर कारण बहुधा तेच असते. हे बदल सगळीकडे पोहोचायला एक दिवसही लागू शकतो, म्हणून तासाभरात घाबरून नोंदी पुन्हा पुन्हा बदलू नयेत. पत्ता जुळला की ‘एनफोर्स एचटीटीपीएस’ ही खूण करावी, म्हणजे साइट सुरक्षित जोडणीवरूनच उघडते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून आपोआप आणि विनामूल्य मिळते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

येथे एक धोका आहे. सार्वजनिक रिपॉझिटरीतील सर्व फाइली, अपूर्ण मसुदेसुद्धा, कोणालाही दिसतात, आणि गिटमधून फाइल पुसली तरी ती इतिहासात शिल्लक राहते. म्हणून मसुदे रिपॉझिटरीबाहेरच्या निराळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल चुकूनही तेथे ढकलू नये. तशी चूक झालीच, तर फाइल पुसत बसण्याआधी पासवर्ड बदलावा.

मराठीसाठी करायच्या गोष्टी

इंग्रजी टेम्पलेट, म्हणजे पानाचा तयार साचा, जसेच्या तसे उचलल्यास मराठी मजकूर वाचवत नाही, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ची किंमत मराठीचा संकेत ‘एमआर’ अशी लिहावी. त्यामुळे पान वाचून दाखवणाऱ्या साधनांना भाषा कळते आणि ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने दिसतात. दोन ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अनेक टेम्पलेटांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये जास्तीचे अंतर दिलेले असते. देवनागरीत त्यामुळे शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात, म्हणून ते शून्य करावे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल मोठी असते, तेव्हा एकच फॉन्ट वापरावा किंवा वाचकाच्या फोनमधला चालू द्यावा. शेवटी ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कर्‍हाड’सारखे शब्द जुन्या अँड्रॉइड फोनवर पाहावेत, अर्धा ‘र’ नीट उमटला तर बाकीचे बहुधा ठीक असते.

टिपणाचा पत्ता मात्र रोमन लिपीत ठेवावा, असे मी अनुभवाने सांगतो. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतव्यवस्थेतील यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. काने धरून ‘मराठवाडा’ या शब्दात आठ चिन्हे आहेत. दुवा कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की त्या एका शब्दाची ७२ अक्षरे होतात आणि वाचणाऱ्याला तो फसवा दुवा वाटतो.

टिपण लिहिणे

विषय शोधत बसू नये. ज्या अडचणीने आपला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ घेतला, ती लिहावी. ‘पायथनची ओळख’ हजारो ठिकाणी लिहिलेली आहे. पण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप झालेल्या याद्या युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी का येते आणि ती मागे कशी न्यावी, मराठी नावे वर्णानुक्रमे लावताना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठे बसतात, नेट नसलेल्या गावात फोनवर भरलेली माहिती नंतर सर्व्हरशी जुळवताना दोनदा नोंद कशी टाळावी, हे आपल्याच भागातील डेव्हलपरांना रोज भेटणारे प्रश्न आहेत आणि त्यांवर फार कमी लिहिले गेले आहे.

मांडणी मी अशी ठेवतो. आरंभी काय करायचे होते आणि काय होत होते, हे दोन-तीन वाक्यांत सांगतो. पडद्यावर आलेला त्रुटीचा संदेश जसाच्या तसा, इंग्रजीतच उतरवतो, कारण तीच अडचण आलेला माणूस तोच संदेश शोधात टाकतो. त्यानंतर जे करून पाहिले आणि जमले नाही तेही लिहितो. हा भाग गाळण्याचा मोह होतो, परंतु वाचकाचा सर्वाधिक वेळ त्यानेच वाचतो. मग चाललेला उपाय, तो का चालला याचे स्पष्टीकरण आणि कोणत्या आवृत्तीवर तपासला ते येते. आवृत्ती आणि तारीख नसलेले तांत्रिक लेखन दोन वर्षांनी दिशाभूल करते. कोड चित्राच्या रूपात टाकू नये. वाचकाला तो उचलता आला पाहिजे.

भाषेबद्दल विचारणा नेहमी होते. माझी पद्धत अशी की, अडचण जगभर सारखी असेल तर मी इंग्रजीत लिहितो आणि ती देवनागरीशी, आपल्या बाजारपेठेशी किंवा येथे शिकणाऱ्या मुलांशी जोडलेली असेल तर मराठीत. मराठीत लिहिताना ‘सर्व्हर’, ‘डेटाबेस’, ‘लूप’ हे शब्द तसेच ठेवावेत. वाक्य मात्र पूर्ण मराठी असावे. अंबाजोगाई किंवा वसमतला पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलाला संज्ञा अडवत नाहीत, इंग्रजीतले स्पष्टीकरण अडवते. त्याच्यासाठी लिहिलेले एक सोपे पान मला दहा चमकदार इंग्रजी लेखांपेक्षा मोलाचे वाटते.

ग्राहकाच्या कामावर लिहिताना मर्यादा पाळावी लागते. नोकरीत असाल तर करारातील गोपनीयतेचे कलम आधी वाचावे आणि शंका असल्यास लेखी विचारावे. हिशोबपट्टीचा नमुना दाखवायचा असेल तर शेतकऱ्याचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि रक्कम हे सगळे काल्पनिक घालावे. खऱ्या पट्टीवर काळी रेघ ओढून भागवू नये, कारण काही साधनांत ती रेघ काढता येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी मोंढ्यातील माणसाने विश्वासाने दाखवलेला कागद जगापुढे ठेवणे योग्य ठरले नसते.

चालू ठेवणे

टिपण चढवल्यावर आरएसएस फीड, म्हणजे नव्या टिपणांची वाचकाच्या साधनाला आपोआप मिळणारी यादी, सुरू आहे ना, हे पाहावे. ह्यूगो ते स्वतः बनवतो आणि त्यामुळे वाचकाला मध्ये कोणतेही समाजमाध्यम न घेता नवे लेखन मिळते. फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यावा. संपर्कासाठी स्वतंत्र ईमेल द्यावा, मोबाइल क्रमांक देऊ नये. वाचकसंख्या मोजणारी साधने मी पहिल्या वर्षानंतर काढून टाकली. आकडा पाहून मी विषय बदलू लागलो होतो.

जुन्या टिपणात चूक निघाली तर ती गुपचूप बदलू नये. पैठणच्या एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा ते वर्ष, शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४, ओवीत नोंदवून ठेवले, त्यामुळे शुद्ध केलेला पाठ कोणत्या काळचा हे आजही सांगता येते. आपल्या टिपणाखालीही दुरुस्तीची तारीख आणि काय बदलले हे एका ओळीत लिहावे. प्रिंटरच्या टिपणावर नांदेडच्या एका विद्यार्थ्याचा ईमेल आला की त्याच्या ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरवर चित्र उजवीकडे कापले जात आहे. त्या कागदावर छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर असते, म्हणजे ३८४ ठिपके, आणि हे मी लिहिलेलेच नव्हते. त्याच संध्याकाळी तारखेसह ते जोडले. पुढे माझ्याकडे ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरचे काम आले, तेव्हा मी तीच ओळ वाचून ते अर्ध्या तासात संपवले.

एकदा दिलेला पत्ता बदलू नये. बदलावाच लागला तर जुना पत्ता नव्याकडे वळवावा, कारण कुणाच्या तरी वहीत किंवा गटात तो जुना दुवा पडलेला असतो. संपूर्ण फोल्डरची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर दर महिन्याला घ्यावी.

राहिले डोमेनचे नूतनीकरण. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या नियमांनुसार कार्डावरून दरवर्षी आपोआप पैसे कापण्यासाठी आधी रीतसर मंजुरी नोंदवावी लागते, आणि परदेशी विक्रेत्यांकडे ती नसल्याने असा व्यवहार अनेकदा होत नाही. ‘ऑटो-रिन्यू’वर खूण आहे म्हणून निर्धास्त राहू नये, मुदत संपून गेलेले डोमेन ठरावीक काळानंतर दुसरा कोणीही घेऊ शकतो. मी तारीख फोनमध्ये लावली आहे, आणि मुदतीच्या महिनाभर आधीचा दिवस स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, लाल पेनाने लिहून ठेवतो.